दोन पानांचा पेपर आणि सायटेशनचा हिशोब

दरवर्षी पावसाळा संपत आला की एक बातमी हमखास येते. 'जगातल्या अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत आपल्या जिल्ह्यातल्या प्राध्यापकांचा समावेश.' कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागतो, शाल-श्रीफळ होतं, व्हॉट्सॲपवर अभिनंदनाचा पाऊस पडतो. कौतुक व्हावंच, त्यात काही गैर नाही. संशोधन करणाऱ्याचा फ्लेक्स लागतोय हे एरवीच्या फ्लेक्सपेक्षा कितीतरी बरं.

ही यादी स्टॅनफर्ड विद्यापीठातले जॉन इयोआनिडिस आणि त्यांचे सहकारी काढतात. 'स्कोपस' नावाच्या मोठ्या डेटाबेसमधून आकडे घेतात. तुमच्या शोधनिबंधांचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला, तुम्ही तो एकट्याने लिहिला की दहा जणांत, तुमचं नाव पहिलं आहे की मधलं, हे सगळं धरून गुण काढतात. या उल्लेखांनाच सायटेशन म्हणतात. मोजणी कष्टाने केलेली असते, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. अशी यादी १९६३ साली निघाली असती, तर तिच्यात कोण नसतं?

एक नाव मला ठाऊक आहे. डॉ. शंभुनाथ दे. आज त्यांची गोष्ट सांगतो. पोस्ट लांब आहे, पण चहा घेऊन वाचा. मध्ये परळही येणार आहे.

पटकीचं कोडं

कॉलरा म्हणजे आपली पटकी. गावोगावी मरीआईची देवळं आहेत, त्यांच्यामागे या रोगाचीच भीती आहे. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी नाही, असं हे दुखणं. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, काही तासांत अंगातलं पाणी संपतं, डोळे खोल जातात, नाडी लागत नाही. वारीला निघण्याआधी पटकीची सुई टोचून घ्यावी लागायची, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारा, आठवत असेल.

या रोगाचा जंतू फिलिप्पो पाचिनी या इटालियन डॉक्टरने १८५४ मध्येच पाहिला होता, पण त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. (उल्लेख न होणं हा प्रकार तेव्हाही होताच.) पुढे १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात काम करून स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू पक्का केला. हा जंतू आतड्यात काहीतरी विष सोडत असावा, असा अंदाजही कॉख यांनी तेव्हाच मांडला होता.

आता जंतू सापडला, विषाचा अंदाज आला, म्हणजे पुढचं काम दहा-वीस वर्षांत व्हायला हवं होतं. लागली पंचाहत्तर वर्षं.

का? तर शास्त्रज्ञ चुकीच्या ठिकाणी शोधत होते. गिनीपिगच्या पोटाच्या पोकळीत नाहीतर रक्तात जंतू टोचायचे. प्राणी मरायचा. मेला म्हणजे विष आहे, आणि ते जंतूच्या शरीरातच असतं, जंतू फुटला की बाहेर येतं, असं कॉख यांचेच शिष्य रिचर्ड फायफर यांनी मांडलं. पण त्या गिनीपिगला जुलाब होत नव्हते! मेलेला प्राणी मिळत होता, कॉलरा झालेला प्राणी मिळत नव्हता. तरी मोठ्या नावाचं मत म्हणून ते दशकानुदशकं चाललं. आतड्याचं अस्तरच सोलून निघतं म्हणून पाणी गळतं, ही आणखी एक समजूत होती. तीही तशीच चालली.

गरिबाटीचा मुलगा

शंभुनाथ दे यांचा जन्म १९१५ चा, हुगळी जिल्ह्यातल्या गरिबाटी गावात. घरची परिस्थिती बेताची. शिष्यवृत्तीच्या आधाराने कोलकाता मेडिकल कॉलेजात शिकले, १९३९ मध्ये डॉक्टर झाले. १९४७ मध्ये लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलच्या मेडिकल स्कूलमध्ये रॉय कॅमेरॉन यांच्या हाताखाली गेले आणि १९४९ मध्ये पीएचडी घेऊन परत आले. पीएचडीचा विषय कॉलऱ्याशी संबंधित नव्हता. पण परतल्यावर त्यांनी कॉलराच घेतला. त्यांच्या शहरात हॉस्पिटलच्या खाटांवर तोच तर पडलेला होता.

त्यांनी काय केलं ते सोपं करून सांगतो, कारण गंमत त्या सोपेपणात आहे.

ससा घ्यायचा. भूल द्यायची. लहान आतड्याचा वीतभरापेक्षा कमी तुकडा दोन्ही टोकांना रेशमी दोऱ्याने बांधायचा, कापायचा नाही. रक्तपुरवठा चालू, पण आतली पोकळी बंद. त्या पोकळीत जंतूंचं द्रावण सोडायचं, पोट शिवायचं आणि दुसऱ्या दिवशी पाहायचं. १९५३ मध्ये डी. एन. चटर्जी यांच्यासोबत त्यांनी हे छापलं. बांधलेला तुकडा पाण्याने टम्म फुगला होता. आत तेच, रोग्याच्या जुलाबात असतं तसं पाणी. बाजूचा न टोचलेला तुकडा सपाट.

जंतू रक्तात घालायचा नाही, तो जिथे राहतो तिथेच घालायचा. एवढंच. पण ७० वर्षं जगभरच्या नामांकित प्रयोगशाळांना हे पचनी पडलं नव्हतं.

१९५६ मध्ये याच पद्धतीने त्यांनी दाखवलं की जुलाबाच्या रुग्णांत सापडणारे ई. कोलाय या जंतूचे काही प्रकारही आतडं असंच फुगवतात. हा पेपर पुढे जुलाबाच्या एका अख्ख्या अभ्यासशाखेचा पाया ठरला.

आणि मग १९५९. आता जंतूच काढून टाकायचे. जंतू ज्या द्रवात वाढवले तो गाळायचा, त्यात एकही जंतू उरलेला नाही याची खात्री करायची आणि तो नुसता द्रव आतड्याच्या तुकड्यात सोडायचा. आतडं फुगलं. म्हणजे विष जंतूच्या शरीरात अडकून बसलेलं नाही, जंतू ते बाहेर सोडतो. कॉख यांचा अंदाज ७५ वर्षांनी त्याच कोलकात्यात खरा ठरला.

३० मे १९५९ च्या 'नेचर' मध्ये पान १५३३ आणि १५३४ वर हे छापून आलं. लेखक एकच: एस. एन. दे.

आणि परळ

आता आपल्याकडे या. त्याच काळात मुंबईत, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये एन. के. दत्ता यांचा गट याच कोड्यावर काम करत होता. दत्ता आणि एम. के. हब्बू यांनी १९५५ मध्ये दाखवलं की सशाच्या अगदी लहान पिल्लांना कॉलऱ्याचे जंतू आतड्यात दिले तर माणसासारखा कॉलरा होतो. औषध तपासायचं तर असा प्राणी हवाच होता.

मग १९५९ मध्येच, म्हणजे दे यांच्याच वर्षी, दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांचा छोटा पेपर 'जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजी' मध्ये आला. जिवंत जंतू न देता, जंतूंपासून केलेला अर्क दिला तरी पिल्लांना जुलाब होतात आणि ती मरतात. पद्धत वेगळी, प्राण्याचं वय वेगळं, निष्कर्ष एकाच दिशेचा. पुढे जगातले कॉलरा-अभ्यासक दे यांचं बांधलेलं आतडं आणि दत्तांची पिल्लं अशा दोन्ही पद्धती वापरू लागले.

पानसे, कुलकर्णी. आपल्या कानाला किती ओळखीची आडनावं! शाळेच्या पुस्तकात, स्पर्धा परीक्षेच्या गाइडमध्ये, परळ नाक्यावर, कुठे तरी वाचलीत का ही नावं या कामासाठी? मी तरी पन्नाशी गाठेपर्यंत वाचली नव्हती.

शांतता, आणि ती का होती

'नेचर' मध्ये छापलं म्हणजे जग उठून बसलं असेल, असं वाटतं. तसं काही झालं नाही. सुरुवातीची काही वर्षं त्या पेपराकडे फारसं कोणी पाहिलंच नाही.

कारण सायटेशन काही देव देत नाही. त्याच विषयावर काम करणारी माणसं असतील, त्यांनी पेपर लिहिले, तर तुमचा उल्लेख होणार. युरोप-अमेरिकेतून कॉलरा केव्हाच गेला होता. तो गंगेच्या मुखाजवळच्या गरिबांचा आजार उरला होता. तिथल्या प्रयोगशाळांत त्यावर काम करणारे फार थोडे. उल्लेख करायलाच कोणी नव्हतं.

मग १९६१ मध्ये इंडोनेशियातून कॉलऱ्याची सातवी जागतिक साथ निघाली आणि देशामागून देश ओलांडू लागली. त्याआधी १९६० मध्ये ढाक्यात अमेरिकी मदतीने कॉलरा संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली होती. पैसा आला, माणसं आली, प्रयोगशाळा जुंपल्या. त्या माणसांनी जुने अंक चाळले आणि त्यांना १५३३ वं पान सापडलं. १९६९ मध्ये अमेरिकेत डॅलसला रिचर्ड फिंकेलस्टाइन आणि जोसेफ लोस्पालुटो यांनी ते विष शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. आता दे यांच्या पेपराचे उल्लेख वाढू लागले, वाढतच गेले.

म्हणजे पाहा, पेपरातला एक शब्द बदलला नव्हता. १९६० मध्ये तो जितका खरा होता तितकाच १९७० मध्ये. बदललं ते बाहेरचं जग. अशा उशिरा उमलणाऱ्या पेपरांना नेदरलँड्सचे अभ्यासक आंतोनी व्हान रान यांनी २००४ मध्ये 'झोपलेली राजकन्या' हे नाव दिलं. आता सांगा, दे यांचं प्रमोशन १९६३ मध्ये सायटेशन मोजून ठरवायचं असतं तर समितीने काय शेरा मारला असता?

घरचं अंगण

बाहेरच्यांना उशिरा कळलं, पण कळलं. घरच्यांचं काय?

दे हे कोलकाता मेडिकल कॉलेजात विभागप्रमुख होते. ते विष स्वतः शुद्ध करायचा त्यांनी प्रयत्न केला, पण त्यासाठी लागणारी साधनं त्यांच्याकडे नव्हती. १९७३ मध्ये निवृत्त झाले आणि नंतर बोस इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन काम करत राहिले. देशातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना फेलो म्हणून निवडलं नाही. देशातला कोणताही मोठा पुरस्कार त्यांना मिळाला नाही.

त्याच वेळी अमेरिकेत जोशुआ लेडरबर्ग, ज्यांना स्वतःला १९५८ चं नोबेल मिळालं होतं, ते दे यांचं नाव नोबेलसाठी एकापेक्षा जास्त वेळा सुचवत होते. १९७८ मध्ये नोबेल फाउंडेशनने कॉलऱ्यावर स्टॉकहोमला परिसंवाद घेतला, तिथे दे यांना सन्मानाने बोलावलं. तिथे ते जे बोलले त्याचा आशय असा: मी तर साठच्या दशकातच मेलो होतो, तुम्ही मला उकरून बाहेर काढलंत. ६३ वर्षांचा माणूस भर सभेत असं बोलतो तेव्हा त्यामागे किती वर्षांचं साचलेलं असेल!

१५ एप्रिल १९८५ रोजी ते गेले.

मोजणाऱ्याने काय केलं

इथे गोष्टीला वळण आहे, आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

सायटेशन मोजण्याचं आजचं शास्त्र ज्यांनी उभं केलं ते फिलाडेल्फियाचे युजीन गारफिल्ड. १९५५ मध्ये त्यांनी 'सायन्स' मध्ये कल्पना मांडली, साठच्या दशकात 'सायन्स सायटेशन इंडेक्स' सुरू केला. मूळ हेतू माणसांना गुण देण्याचा नव्हता. एखाद्या जुन्या पेपरानंतर त्या विषयात पुढे काय झालं, कोणी दुरुस्ती केली, कोणी खोडून काढलं, हे शोधायला सोपं जावं, हा होता.

या गारफिल्डनी १९८६ मध्ये कॉलरा संशोधनाचा नकाशा काढला. कोणता पेपर कोणाचा आधार घेतो, धागे कुठून कुठे जातात. आणि त्या धाग्यांच्या मुळाशी त्यांना कोलकात्याचे शंभुनाथ दे दिसले. त्यांनी लेखच लिहिला, शीर्षकात दे यांचं नाव घालून. दे यांना जाऊन एक वर्ष झालं होतं. १९९० मध्ये बंगळुरूच्या 'करंट सायन्स' ने दे यांच्यावर विशेष अंक काढला, लेडरबर्ग यांनीही त्यात लिहिलं. आपल्याला जाग आली ती अशी.

म्हणून 'आकडे वाईट, मोजणी वाईट' असं म्हणून मोकळं होता येत नाही. आपल्या अकादम्यांत आकडे चालत नव्हते, तिथे जाणत्यांचं मत चालत होतं. त्या जाणत्यांना दे दिसले नाहीत. दूर फिलाडेल्फियात बसलेल्या, दे यांना कधी न भेटलेल्या माणसाला आकड्यांच्या वाटेने ते दिसले. पण हेही खरं की गारफिल्ड आकड्यापाशी थांबले नाहीत. आकड्याने बोट दाखवलं तिकडे जाऊन त्यांनी पेपर वाचला, इतिहास शोधला.

आज आपण काय करतोय

दे यांच्या कामाचं मोल कशात? विष आतड्याच्या पेशींना मारत नाही, आतला नळ उघडा ठेवतं, हे पुढच्या १०-१२ वर्षांत कळलं. अस्तर शाबूत असतं, म्हणजे तोंडावाटे पाणी दिलं तर शोषलं जाऊ शकतं. मीठ-साखरेचं पाणी, ओआरएस, हे काही थेट दे यांच्या पेपरातून निघालं नाही, त्याची वाट वेगळी होती. पण कॉलरा म्हणजे नेमकं काय होतं हे समजण्यात दे यांचा वाटा पहिला होता. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रममध्ये मीठ, ग्लुकोज, खाण्याचा सोडा कालवून लोकांना पाजलं. छावणीत शंभरातले साधारण ३० मरत होते, ते प्रमाण चाराच्या खाली आलं. त्यांचा पेपर १९७३ मध्ये आला. त्यांना पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, ते गेल्यानंतर तीन महिन्यांनी. आपली सवय काही गेली नाही.

आता आपल्या मेडिकल कॉलेजांकडे पाहू. २०१६ मध्ये डॉ. समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांची दहा वर्षांची (२००५ ते २०१४) पेपरसंख्या तपासली. ३३२ संस्थांमधून एकही पेपर नव्हता. दहा वर्षांत एकही नाही! वर्षाला शंभराहून अधिक पेपर देणाऱ्या संस्था फक्त २५. म्हणजे कोणीतरी मोजायला लागणं गरजेचंच होतं.

पण आपण मोजायला लागलो ते कसे? यूजीसीने २०१० मध्ये प्राध्यापकांसाठी गुणांचा तक्ता आणला. वैद्यकीय परिषदेने प्रमोशनला ठरावीक पेपर सक्तीचे केले. मग जे व्हायचं तेच झालं. पैसे भरा, आठवड्यात छापून देतो म्हणणारी नियतकालिकं निघाली. पेपर लिहून देणारी, नाव टाकून देणारी दुकानं निघाली. 'तू मला साइट कर, मी तुला करतो' हेही चालू झालं. दिवसाला दीडशे पेशंट तपासणारा तालुक्याजवळच्या कॉलेजातला लेक्चरर, ज्याला ना प्रयोगशाळा ना वेळ, त्यालाही पेपर हवाच. तो काय करणार? संख्या भरणार. त्याच्या पेशंटांत खरंच काही विचारण्यासारखा प्रश्न दडलेला असेल, तर तो विचारायला त्याला कोणी सांगितलेलं नाही.

दे यांना १९५३ मध्ये काय मिळालं होतं? ससा, रेशमी दोरा, शेजारच्या वॉर्डातला रोग, आणि एका प्रश्नाला सहा वर्षं चिकटून राहण्याची मुभा. आज आपण ती शेवटची गोष्टच काढून घेतली आहे. सहा वर्षांत दोन पानं? तक्त्यात बसत नाही साहेब.

माझं म्हणणं फार मोठं नाही. निवड समितीने उमेदवाराला पेपरांची संख्या विचारू नये. तुमचे सर्वांत चांगले दोन-तीन पेपर द्या म्हणावं, आणि ते आधी वाचून यावं. मग विचारावं, याने आपल्याला आधी माहीत नसलेलं काय कळलं? ज्याने खरं काम केलंय तो या प्रश्नाला पाच मिनिटांत उत्तर देतो. ज्याने विकत घेतलंय त्याला घाम फुटतो. सायटेशनचा आकडा जवळ ठेवावा, गारफिल्डनी ठेवला तसा, कुठे बघायचं ते कळायला.

आणि आपण वाचकांनी? पुढच्या वेळी फ्लेक्स दिसला की अभिनंदन करा आणि सरांना नाहीतर मॅडमना प्रेमाने विचारा, 'तुमच्या कामाबद्दल जरा सोपं करून सांगा ना.' बहुतेक जण खुशीने सांगतील. आपल्या जिल्ह्यात काय शोध चाललाय हे निदान आपल्याला तरी आधी कळू दे. स्टॉकहोमहून कळेपर्यंत थांबायला नको.

परळला कधी गेलात तर हाफकिनच्या गेटसमोरून जाताना दत्ता, हब्बू, पानसे, कुलकर्णी ही चार नावं आठवा. तुमच्यापैकी कोणी तिथे त्या काळात काम केलेलं असेल, किंवा घरात कोणी असेल, तर कॉमेंटमध्ये जरूर लिहा. मला वाचायचं आहे.